रामेश्वरला जाताना तंजावरच्या राजवाड्यात अर्धा दिवस थांबा

भोकरदन तालुक्यातून दक्षिणेच्या यात्रेला निघणारी मंडळी राजूरच्या गणपतीला नारळ फोडून गाडीत बसतात, आणि पुढचा मार्ग बहुधा ठरलेला असतो: तिरुपती, कांचीपुरम, श्रीरंगम, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी. या वाटेवर तंजावरही लागते. बृहदीश्वराच्या मोठ्या देवळापाशी गाडी तासभर थांबते, दर्शन होते, फोटो निघतात आणि गाडी पुढे सुटते. त्याच गावात, देवळापासून रिक्षाने पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर, भोसले राजांचा राजवाडा आहे. त्याच्या दालनांत चोळ काळातल्या ब्राँझ मूर्तींचा असा संग्रह आहे की तो पाहायला जगभरातून लोक येतात. त्याच आवारात सरस्वती महाल हे ग्रंथालय आहे आणि त्यात सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते जपलेली आहेत. आपल्यापैकी अनेक जण या दारावरून पुढे जातात, कारण त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

या राजवाड्याला अर्धा दिवस द्या आणि जाण्यापूर्वी थोडी तयारी करा, एवढेच माझे म्हणणे आहे. ही तयारी तंजावरात पोहोचल्यावर होत नाही. ती वेरूळला होते, आपल्या गावातही होते. तयारी केलेल्या माणसाला तिथली एकेक मूर्ती बोलते. न केलेल्याला सगळ्या मूर्ती सारख्याच दिसतात आणि तो अर्ध्या तासात बाहेर येतो.

हा वाडा आपला कसा?

भोसल्यांचे मूळ ठाणे वेरूळ. मालोजीराजे आणि शहाजीराजे यांचे हे गाव आपल्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1676च्या सुमारास तंजावरात भोसल्यांची गादी स्थापन केली. त्यापूर्वी तिथे नायक राजे होते. राजवाड्याचा जुना भाग त्यांनी सोळाव्या शतकात बांधायला घेतला. पुढे भोसल्यांनी त्यात भर घातली. 1855 साली दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे कावेरीच्या काठी मराठी राजघराणे नांदले. त्या घराण्याचे वंशज आजही राजवाड्याच्या एका भागात राहतात आणि 88 देवळांच्या देवस्थानाची परंपरेने आलेली जबाबदारी सांभाळतात. त्यामुळे आवारात हिंडताना बंद दारे ढकलू नका. ते कुणाचे तरी राहते घर आहे.

जालना जिल्ह्याचे तंजावरशी आणखी एक नाते आहे. समर्थ रामदासांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या जांब गावचा. त्यांच्या संप्रदायाचे मठ तंजावरात उभे राहिले. सज्जनगडावर राम, लक्ष्मण, सीता आणि मारुती यांच्या ज्या मूर्ती आहेत, त्या तंजावरच्या कारागिराने ओतल्या आणि समर्थांच्या समाधीच्या काही दिवस आधी गडावर पोहोचल्या, असे परंपरा सांगते. गडावर त्या मूर्तींपुढे हात जोडले असतील, तर तंजावरची मूर्तिकला तुम्ही आधीच पाहिलेली आहे. राजवाड्यात तिचे पूर्वज भेटतात.

तयारी वेरूळपासून

तंजावरच्या कलादालनात शिवाची अनेक रूपे आहेत. त्यांपैकी बरीच आपल्या वेरूळच्या लेण्यांत दगडात कोरलेली आहेत. यात्रेच्या आधीच्या महिन्यात एखादा दिवस काढून वेरूळला जा. लेणी मंगळवारी बंद असतात, तेवढे लक्षात ठेवा. तिथे तीन गोष्टी मुद्दाम शोधा.

पहिली, नाचणारा शिव. तो 14, 15 आणि 21 क्रमांकांच्या लेण्यांत आहे. दुसरी, शिव-पार्वतीचे लग्न. 21 आणि 29 क्रमांकांच्या लेण्यांत हा कल्याणसुंदराचा प्रसंग आहे. तिसरी, हत्तीचे कातडे डोक्यावर ताणून धरलेला, अंधकासुराला मारणारा शिव. तो 29 क्रमांकाच्या लेण्यात आणि कैलासातही सापडतो. तिन्हींचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तंजावरात हीच रूपे समोर येतात, तेव्हा हे फोटो उघडून शेजारी धरा. वेरूळचा शिव भिंतीतून बाहेर झेपावतो, तर तंजावरचा शिव चारही बाजूंनी मोकळा उभा असतो. दगडाचा आणि धातूचा हा फरक एकदा लक्षात आला की पुढची मूर्ती पाहायला डोळे आपोआप तयार होतात.

दुसरा दिवस छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील इतिहास वस्तुसंग्रहालयाला द्या. केळना नदीकाठचे आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत इथल्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचे नाव येते. 1973 साली डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. श. गुप्ते यांनी इथे उत्खनन केले. त्यात सापडलेल्या वस्तूंमध्ये एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुटलेला भाग होता. तिचे साम्य थेट इटलीतल्या पाँपेई शहरात 1938 साली सापडलेल्या मूर्तीशी आहे. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात भारतीय हस्तिदंती मूर्ती कशी पोहोचली, या प्रश्नाचा विचार करताना विद्वानांना भोकरदनचे नाव घ्यावे लागते. पाँपेईची मूर्ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ही गोष्ट घरातल्या मुलांना तंजावरला निघण्यापूर्वी सांगा. आपल्या गावचे कारागीर एके काळी कुठवर पोहोचले होते हे कळलेले मूल संग्रहालयात कंटाळत नाही.

पोहोचायचे कसे, दिवस कसा आखायचा

यात्रेच्या बसने जाणार असाल तर प्रश्न नाही. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी जालन्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून रेल्वेने चेन्नई गाठावी आणि तिथून तंजावरची गाडी धरावी. चेन्नई ते तंजावर हे अंतर रेल्वेने साधारण साडेतीनशे किलोमीटर आहे, त्यामुळे रात्रीची गाडी सोयीची पडते. विमानाने जाणाऱ्यांना तिरुचिरापल्ली जवळचे. तिथून तंजावर साठ किलोमीटरच्या आत आहे. श्रीरंगम तिरुचिरापल्लीतच आहे, तेव्हा श्रीरंगम एक दिवस आणि तंजावर दुसरा दिवस अशी आखणी उत्तम बसते.

जायचा चांगला काळ जानेवारी आणि फेब्रुवारी. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तिकडे परतीच्या मोसमी वाऱ्यांचा मोठा पाऊस असतो आणि एप्रिल-मेमध्ये उकाडा असह्य होतो. जानेवारीच्या मध्याला पोंगलचा सण येतो. त्या दिवसांत गर्दी फार असते आणि सरकारी सुट्ट्याही असतात, म्हणून तारखा पाहून जा.

सकाळी लवकर बृहदीश्वराचे दर्शन घ्या. दगड तापलेला नसतो आणि शिखरावर कोवळे ऊन असते. राजराज चोळ याने हे देऊळ 1010 साली पूर्ण केले. शिखर 60 मीटरहून उंच आहे. दर्शन झाल्यावर घाईने बाहेर पडू नका. आवाराच्या भिंतीवर देवनागरी अक्षरांत कोरलेला लांबलचक मराठी लेख आहे, तो शोधा. सापडला नाही तर पहारेकऱ्याला विचारा. दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेने 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास तिथे कोरला गेला. तमिळ मुलखातल्या हजार वर्षांच्या देवळात उभे राहून दगडावरची मराठी वाचता येणे हा फार मोठा आनंद आहे. दोन ओळी तरी मोठ्याने वाचा.

देऊळ दुपारी बंद होते आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडते. म्हणून देऊळ आटोपून सकाळीच राजवाड्याकडे वळा. राजवाड्याच्या आवारात कलादालन, सरस्वती महालाचे प्रदर्शन, मराठा दरबार हॉल असे वेगवेगळे विभाग आहेत आणि त्यांची तिकिटेही वेगवेगळी असतात. जेवणाच्या सुट्टीची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी विभागागणिक निराळी असू शकते. लॉजवाल्याला आदल्या संध्याकाळी विचारून घ्या. तिकीट खिडकीसाठी सुटे पैसे जवळ ठेवा. फोटो काढायला कुठे परवानगी आहे, कुठे वेगळी फी आहे, हेही दारातच विचारा. ग्रंथालयाच्या प्रदर्शनात कॅमेरा काढूच नका.

कलादालनात काय पाहावे

हे कलादालन 1951 साली सुरू झाले. आत शिरल्यावर प्रत्येक मूर्तीपुढे थांबायचे ठरवले तर तासाभरात डोळे थकतात आणि पाय दुखतात. त्यापेक्षा पाच-सहा मूर्ती निवडा आणि त्यांना मनसोक्त वेळ द्या.

आधी एक गोष्ट समजून घ्या. या बहुतेक उत्सवमूर्ती आहेत. गाभाऱ्यातला देव जागचा हलत नाही, म्हणून उत्सवाच्या दिवशी त्याची धातूची मूर्ती मिरवणुकीने गावात नेतात. देऊळगाव राजाच्या बालाजीची यात्रा पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. मूर्तीच्या चौथऱ्याकडे वाकून पाहा. दांडे अडकवण्यासाठी कड्या किंवा भोके दिसतील. देवळात ही मूर्ती रेशमी वस्त्रांत आणि हारांत इतकी झाकलेली असते की फक्त मुखदर्शन होते. शिल्पकाराने घडवलेले संपूर्ण शरीर दिसते ते इथे.

सगळ्यात आधी तिरुवेंकाडू गावचा वृषभवाहन शिव गाठा. दालनातली ही सर्वांत नावाजलेली मूर्ती. 1011च्या सुमाराची, उंची साधारण साडेतीन फूट. शिव नंदीला रेलून उभा आहे, पण नंदी आज तिथे नाही. फक्त त्याच्या पाठीवर टेकलेला हात हवेत तसाच राहिला आहे. जटा फेट्यासारख्या डोक्याभोवती गुंडाळलेल्या आहेत आणि त्यांत साप आहेत. एक पाय भक्कम रोवलेला, दुसरा त्याच्यासमोरून सहज तिरपा टाकलेला. अंगावर दागिने बेताचेच. समोरून पाहून झाले की बाजूला सरका, आणि जागा असेल तर मागे जा. खांद्यावरून कमरेकडे उतरणारी रेघ पाहा. धातू इतका मऊ कसा दिसू शकतो हा प्रश्न मनात आला की समजा, तुम्ही मूर्ती पाहू लागलात. शेजारची पार्वती त्यानंतर एका वर्षाने घडवलेली. दोघांची उभी राहण्याची ढब ताडून पाहा.

त्यानंतर कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीचे लग्न. हाही तिरुवेंकाडूचा. शिवाने पार्वतीचा हात हातात घेतला आहे आणि तिची मान किंचित खाली गेली आहे. वेरूळचा फोटो इथे उघडा. तिथे भोवती देवांची दाटी आहे, इथे लक्ष सगळे त्या दोन हातांवर जाते.

नटराजापुढे मुलांना उभे करा आणि एकेक खूण शोधायला सांगा: वरच्या उजव्या हातात डमरू, वरच्या डाव्या हातात अग्नी, खालचा उजवा हात अभय देणारा, खालचा डावा हात उचललेल्या पायाकडे वळलेला, पायाखाली अज्ञानाचे रूप असलेला अपस्मार, भोवती ज्वाळांचे वलय. दोन्ही कानांतली कुंडले वेगवेगळी असतात, एक पुरुषाचे आणि एक स्त्रीचे. ते ज्याला सापडेल त्याला बक्षीस ठेवा.

कण्णप्प नायनार चुकवू नका. तो शिकारी होता. पिंडीच्या डोळ्यातून रक्त येताना पाहून त्याने आपला डोळा काढून देवाला दिला, अशी तमिळ भक्तांची कथा आहे. राजाच्या आश्रयाने वाढलेल्या या कलेने एका व्याधालाही देवाच्या पंक्तीला बसवले आहे. वारकरी घरातल्या माणसाला ही मूर्ती लगेच आपली वाटते.

शेवटी दारासुरमच्या दगडी शिल्पांकडे या. बाराव्या शतकातला गजसंहारमूर्ती शिव इथे आहे. हत्तीचे कातडे मागे पसरलेले आणि त्यापुढे वळसा घेतलेले शरीर. वेरूळचा तिसरा फोटो यासाठीच काढायचा.

मूर्ती कशी घडते, हे माहीत असू द्या

मूर्ती आधी मेणाची करतात. मेणात राळ मिसळून दागिन्याच्या कणापर्यंत सगळे बारकावे त्यात घडवतात. त्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचे थर चढवतात. वाळल्यावर हा साचा गोवऱ्यांच्या आगीत तापवतात, मेण वितळून बाहेर पडते आणि आत राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. थंड झाल्यावर साचा फोडावा लागतो. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते, आणि चोळांची प्रत्येक मूर्ती आपल्यासारखी एकटीच असते. या पद्धतीचे वर्णन बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने आपल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात केले आहे. तंजावरहून कुंभकोणम चाळीस किलोमीटर आणि त्याच्याजवळ स्वामिमलै. तिथले स्थपती आजही याच पद्धतीने मूर्ती ओततात. मुक्काम वाढवता आला तर एखाद्या कार्यशाळेत परवानगी घेऊन काम पाहा. दारासुरमचे देऊळही त्याच वाटेवर आहे.

सरस्वती महाल आणि दरबार

नायकांच्या काळातल्या ग्रंथसंग्रहाला भोसल्यांनी वाढवले. सर्वांत मोठी भर दुसऱ्या सरफोजीराजांची, ज्यांनी 1798 ते 1832 या काळात राज्य केले. इंग्रजांनी सत्ता काढून घेतल्यावर या राजाने आपली सगळी बुद्धी विद्येकडे वळवली. धन्वंतरी महालात औषधांवर संशोधन करवले, काशीयात्रेहून ग्रंथ आणले, देवनागरी छापखाना काढला. त्या छापखान्यात 1806 साली इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर छापले गेले. जगाचा भूगोल शिकवणारे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक त्यांचेच. त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, तंजावरचे शहाजीराजे मराठीत नाटके लिहीत होते. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत 1843 साली झाले, हे शाळेत शिकलेल्यांना ही माहिती नवी वाटेल.

प्रदर्शनात ताडपत्रे, जुने नकाशे, चित्रे मांडलेली आहेत. माणसांचे चेहरे आणि प्राण्यांची तोंडे यांतले साम्य दाखवणारी फ्रेंच चित्रकार ल ब्रुन याची चित्रे मुलांना फार आवडतात. मोडी येणाऱ्यांनी कागदपत्रांपुढे जरा जास्त थांबावे. मोडी शिकण्याचा विचार मनात असलेल्यांनी या यात्रेआधी शिकायला सुरुवात करावी, यासारखे दुसरे निमित्त नाही.

मग मराठा दरबार हॉल. रंगवलेले जाड खांब, छतावरची चित्रे. आवारातल्या उंच मनोऱ्यांपैकी एखादा चढायला खुला असेल तर गुडघे धड असणाऱ्यांनीच चढावा, जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. देवमाशाचा प्रचंड सांगाडाही राजवाड्यात ठेवलेला आहे. लहान मुले दमली की त्यांना आधी तो दाखवा.

सोबतच्या माणसांसाठी

ज्येष्ठांना दोन टप्प्यांत न्या: आधी कलादालन, मग जेवण, मग जमल्यास ग्रंथालय. अंगणे मोठी आहेत आणि फरशी तापते, म्हणून टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. देवळात अनवाणी हिंडावे लागते, त्यासाठी मोजे जवळ ठेवा. जेवायला केळीच्या पानावरचा भात, सांबार, रसम मिळेल. भाकरीची सवय असलेल्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत घेतली तर बरे. हिंदी सगळ्यांना समजेलच असे नाही. सोपे इंग्रजी शब्द आणि हसरा चेहरा यावर काम भागते. तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबेही आहेत. त्यांची मराठी तमिळ वळणाची असते. ती कानावर पडली तर आदराने दोन शब्द बोला, हसू नका.

खरेदी करताना

सोन्याचा वर्ख लावलेली तंजावर शैलीची चित्रे, मान डोलावणाऱ्या बाहुल्या, स्वामिमलैच्या नव्या मूर्ती, यांतले जे आवडेल ते तमिळनाडू सरकारच्या ‘पूंपुहार’ दुकानातून घ्या आणि पावती मागा. कुणी ‘जुनी, जमिनीत सापडलेली मूर्ती’ म्हणून काही दाखवले तर हातही लावू नका. आक्रमणांच्या काळात पुजाऱ्यांनी मूर्ती जमिनीत पुरून ठेवल्या आणि आज त्या सापडतात, हे खरे आहे. पण अशा मूर्तींची चोरीही तितकीच होते. पत्तूरचा नटराज लंडनहून 1991 साली परत आला. श्रीपुरंदानचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने 2014 साली परत केला. 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते. तिचा चोरटा व्यवहार गुन्हा आहे. हाच नियम आपल्या शेतात नांगराला लागणाऱ्या मूर्तीला आणि नाण्यांनाही लागू आहे. भोकरदनसारख्या जुन्या गावात असे काही सापडले तर ते तहसील कार्यालयाला कळवा. भोगवर्धनच्या इतिहासाचा एखादा तुकडा त्यातून वाचेल.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. यात्रा कंपनीकडे पैसे भरण्याच्या आधीच सांगा की तंजावरात राजवाड्यासाठी अर्धा दिवस हवा. गाडी सुटल्यावर कार्यक्रम बदलत नाही. दहा-बारा जणांनी मिळून मागणी केली तर कोणताही ट्रॅव्हल्सवाला नाही म्हणणार नाही. म्हणून हा लेख आपल्या भजनी मंडळात, बचत गटात, शाळेत वाचून दाखवा, आणि यंदाच्या यात्रेच्या कागदावर तंजावरच्या पुढे ‘देऊळ आणि राजवाडा’ असे दोन्ही शब्द लिहून घ्या.